गोलपोस्टजवळचं लाइव्ह

अंतिम सामना संपायला तीन मिनिटं उरली होती, संघ एक-शून्यने पुढे होता आणि त्यांचा गोलकीपर, ज्याला सगळे ‘भिंत’ म्हणत, एका डोळ्याने चेंडू बघत होता आणि दुसऱ्याने स्वतःचा मोबाईल. गोलपोस्टला लागून, पाण्याच्या बाटलीला टेकवून, कॅमेऱ्यापुरती फट सोडून वर टॉवेल टाकून त्याने तो ठेवला होता. लाइव्ह चालू! चारशे बारा माणसं बघत होती. भिंतीची छाती अशी फुगली होती की काही विचारू नका.

आता हा उद्योग म्हणजे विस्तवाशी खेळ. कोच मोबाईलचे हाडवैरी. मागच्या सामन्याला एकाने मैदानावर सेल्फी काढला, तर त्याला बुटांसकट घरी पाठवलं. “मैदानावर मोबाईल दिसला की संघातून कायमची सुट्टी! मग तो माझा सख्खा भाऊ का असेना!” आणि भिंतीला तर चेंडू अडवण्यापलीकडे जगात दुसरं काही येत नव्हतं.

तेवढ्यात समोरच्यांनी सणसणीत शॉट मारला. चेंडू आडव्या दांड्यावर आपटला, खाली रेषेपाशी पडला आणि भिंतीने त्यावर अंग झोकून दिलं.

“गोल!” समोरचे नाचायला लागले.

“गोल कसला? डोळे आहेत की बटणं?” भिंतीचे साथीदार धावून गेले.

रेफरी व्हिडिओच्या पडद्याकडे पळाले. पडदा काळाठिक्कर! ऑपरेटरने वायर हलवली, मग यंत्राच्या पाठीत दोन धपाटे घातले. यंत्र ढिम्म.

“मला तरी चेंडू आत गेल्यासारखा वाटला,” रेफरी म्हणाले.

झालं! पुरावा हातभर अंतरावर, टॉवेलाखाली. काढावा तर आपण संपलो, न काढावा तर सगळ्यांची वर्षभराची मेहनत पाण्यात. त्याने डोळे मिटले आणि टॉवेल ओढला.

“साहेब, ह्यात आहे बघा सगळं.”

समोरचा कप्तान छातीठोकपणे म्हणाला, “बघा की! आत गेलाय म्हणजे गेलाय.”

व्हिडिओ लागला. चेंडू रेषेवरच! “गोल नाही!” रेफरी ओरडले. संघाने उड्या मारल्या, मिठ्या मारल्या. भिंतीचे पाय मात्र जमिनीला चिकटले, कारण कोच तरातरा येत होते.

“हे काय आहे?”

“सर, चुकलो. जातो मी घरी.”

“एक मिनिट,” रेफरी अजून व्हिडिओच बघत होते. “खाली कुणीतरी सारखं लिहितंय. ‘गाढवा, पुढे ये.’ ‘डावीकडे बघ, डावीकडे!’ ‘झोपलास का?’” त्यांनी मान वर केली. “कोचसाहेब, नावाशेजारचा फोटो तर तुमचाच दिसतोय.”

अख्खा संघ वळला. कोचनी हातातली फाईल घाईघाईने पोटाशी धरली, आणि तिच्यातून एक मोबाईल टपकन गवतावर पडला.

कुणी हसलं नाही. कुणाची छातीच झाली नाही. कोच खाकरले, मोबाईल उचलून पॅन्टला पुसला आणि भिंतीच्या कानाशी वाकले.

“अजून दोन मिनिटं राहिलीत, लाव परत. आणि जरा उंचावर ठेव रे, मघापासून मला नुसते तुझे गुडघेच दिसतायत!”