वाढत्या अंगाचा क्रँक

विचार न करता केलेल्या गोष्टीत माणूस पडतो, आणि पुरेसा विचार केला तर पडण्याची वेळच येत नाही. हे सत्य पुष्कळांनी सांगितले आहे. आमच्या कॉलनीने ते या उन्हाळ्यात करून दाखवले, एवढाच फरक.

सोलापुरात विजापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीत गुरुशांत राहतात. त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. त्यांची मुलगी काव्या हिची बारावीची परीक्षा संपली आणि तिच्या नंदीशमामाने बेंगळुरूहून तिला एकचाकी सायकल पाठवली. एकचाकी म्हणजे एक चाक, त्यावर एक सीट, आणि बाकीचा भार ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांवर. हँडल नाही, ब्रेक नाही, मागे कॅरियर नाही (त्यामुळे भाजी आणायला निरुपयोगी, असे मत पहिल्याच दिवशी पडले). जूनमध्ये काव्या शिकायला पुण्याला जाणार होती आणि तिथल्या वसतिगृहात सायकल ठेवू देत नव्हते. म्हणजे शिकायचे ते या सुट्टीतच. तिची इच्छा साधी होती. जायच्या आधी कॉलनीच्या गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत, कोणाला न धरता, एकदा जायचे.

खोक्यात सायकलीबरोबर क्रँकच्या तीन जोड्या निघाल्या. क्रँक म्हणजे चाकाच्या मध्यापासून पायडलपर्यंतचा दांडा. एक जोडी शंभर मिलिमीटरची, एक सव्वाशेची, एक दीडशेची. सोबत सूचना होती की लांब दांड्याने चाक ताब्यात राहते पण पाय मोठे गोल फिरतात, आखूड दांड्याने चाल गुळगुळीत होते पण थांबणे अवघड जाते, तरी नवशिक्याने योग्य तो दांडा निवडावा. हे छापणाऱ्याला सोलापूर माहीत नसावे. आमच्याकडे 'योग्य तो' असे कोणी मोकळे सोडून दिले की समिती होते.

काव्याने मधली जोडी उचलली होती आणि पाना हातात घेतला होता. तेवढ्यात गुरुशांत आले.

"थांब. असं घाईनं करायचं काम न्हाय हे."

"पप्पा, नुसती लावून बघते की. नाही जमलं तर दुसरी लावू."

"लावून बघायला आधी माप ठरू दे."

त्या संध्याकाळीच समिती स्थापन झाली. गुरुशांत अध्यक्ष. नागप्पा तोलतज्ज्ञ, कारण ऐन उमेदीत त्यांनी सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या सरावात नंदीध्वजाची उंच काठी कमरेला पट्टा बांधून पेलली होती. बिरुदेव हे चालतज्ज्ञ. त्यांचा मेंढ्यांचा व्यापार आहे आणि चार पायांचे ज्याला कळते त्याला एका चाकाचे काय अवघड, असा युक्तिवाद झाला. मी निवृत्त माणूस, म्हणून सचिव. चौघांपैकी कोणीही एकचाकीवर बसलेले नव्हते. यालाच निःपक्षपातीपणा म्हणतात. जो बसला आहे त्याचे मत बसण्याच्या बाजूने झुकते.

पहिल्या सभेत दीडशेची जोडी पायाभूत धरली. एकाच खोक्यातून लहान आणि मोठे निघाले तर मोठे घ्यावे, याला कोणाचा विरोध नव्हता. मग अध्यक्षांनी मूळ मुद्दा काढला.

"माल नवीन हाय. पहिल्या धुण्यात आटणार की. आमी टॉवेलला दहा टक्के धरतो."

"लोखंड आटतंय व्हय?" बिरुदेवांनी विचारले.

"तुमी धुऊन बघितलंय?"

बिरुदेवांनी लोखंड कधी धुऊन बघितले नव्हते. मीही बघितले नव्हते. विरोधी पुरावा पुढे न आल्याने आटण्याची तूट मंजूर झाली आणि दांडा एकशे पासष्टचा झाला. चहा झाला. काव्या दारात उभी होती. तिने विचारले, "तोपर्यंत मी भिंतीला धरून नुसती बसू का?" तिला समजावण्यात आले की निर्णयाआधी बसल्यास निर्णयावर प्रभाव पडतो.

पुढची सभा लांबली. एकदा नळाला पाणी यायचा दिवस होता, एकदा बिरुदेव मंद्रूपच्या बाजाराला गेले होते, एकदा ऊन फार होते (त्या आठवड्यात सावलीत बसूनसुद्धा कोणाला विचार करवला नाही). मधल्या काळात सायकल गुरुशांत यांच्याच कारखान्याच्या एका मोठ्या टॉवेलात गुंडाळून जिन्याखाली ठेवली होती. काव्या रोज टॉवेल काढून चाकात हवा आहे का बघायची आणि परत गुंडाळून ठेवायची.

दुसऱ्या सभेत बिरुदेवांनी फार मोलाचा मुद्दा मांडला.

"पोरगी वाढतीया अजून. आज माप घेतलं तर दिवाळीला आखूड पडंल."

हे इतके खरे होते की मी ते इतिवृत्तात दोनदा लिहिले. आपण सगळे वाढत्या अंगाच्या कपड्यांत लहानाचे मोठे झालो. माझा शाळेचा गणवेश मला पहिल्यांदा बरोबर बसला तेव्हा शाळा संपली होती, पण तो आखूड झाला असे कोणी म्हणू शकले नाही. काव्या अठरा वर्षांची आहे आणि दोन वर्षांत बोटभरही वाढलेली नाही, असे तिची आई शिवम्मा आतून म्हणाल्या. ते निवेदन वेळेनंतर आल्यामुळे विचारात घेता आले नाही. वाढत्या अंगाचे चाळीस मिलिमीटर मंजूर झाले. दोनशे पाच.

शिवम्मा मग बाहेरच आल्या. त्यांचे माहेर मंद्रूपचे. त्या म्हणाल्या, "अय्यो, बसू द्या की पोरीला. पडली तर पडली. आमच्याकडं विहिरीत ढकलून पोहायला शिकवत्यात. पाणी किती हाय ते कोण मोजत बसतंय?"

समितीने त्यांच्या भावनांचा आदर केला आणि आणखी चहा मागवला.

नागप्पांचे मत शेवटी घेतले, कारण ते सर्वांत वजनदार होते. ते उभे राहिले, दोन्ही हात कमरेपाशी आणले, आणि डोळे वर लावून, जणू काठी आजही समोर आहे अशा रीतीने, म्हणाले, "आखूड लाकूड तळहातावर उभं करून बघा, लगीच पडतंय. उंच काठी सावकाश कलती, माणसाला सावरायला वेळ देती. लांब तेवढा तोल बरा." नागप्पांचे म्हणणे काठीपुरते अगदी बरोबर आहे. ते दांड्याला कसे लागू होते हे विचारण्याची आमच्यापैकी कोणाची प्राज्ञा नव्हती, कारण काठी त्यांनी पेलली होती आणि आम्ही फक्त खालून बघितली होती. तोलासाठी पन्नास मिलिमीटर. एकूण दोनशे पंचावन्न.

एवढा दांडा बाजारात मिळत नाही. यावरून बाजार किती मागे आहे ते दिसते. तो एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये बनवून घेतला. तिथल्या माणसाने काही विचारले नाही, माप लिहून दिले होते तसा दांडा करून दिला. चाक वीस इंची होते, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून दहा इंचांवर, दोनशे चौपन्न मिलिमीटरवर होता. हे मात्र आम्ही मोजले नव्हते. जमीन हा विषय कोणत्याच सभेपुढे आलेला नव्हता.

काव्या पुण्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी सायकल टॉवेलातून बाहेर निघाली. नारळ फुटला. सगळी कॉलनी गेटपाशी जमली. काव्याने केस घट्ट बांधले होते. पायडल दोन्ही बाजूंना आडवे ठेवून, गेटचा गज धरून ती चढली, श्वास घेतला, गज सोडला आणि पुढच्या पायडलवर जोर दिला. पायडल खाली गेले, डांबराला टेकले आणि थांबले. चाक पाव फेरा फिरले होते. काव्याचा पाय जमिनीपासून बोटभरच वर होता. ती पायरीवरून उतरावी तशी उतरली.

तिने पायडल मागे घेऊन परत एकदा बघितले. परत पाव फेरा. टाकीकडे एकदा बघून ती वडिलांना म्हणाली, "पप्पा, मी पडलेसुद्धा नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिचे डोळे भरून आले होते. समारंभात असे होते, म्हणून ते आनंदाश्रू धरले गेले. मला वाईट वाटले, हे सांगायला हरकत नाही. पण सचिवाचे वाईट वाटणे विषयपत्रिकेवर नसते. आमच्या अहवालात एवढेच आहे की नवशिक्यांच्या अपघातांचे प्रमाण या कॉलनीत शून्य टक्के आहे, आणि असे दुसरे एकही गाव आमच्या ऐकिवात नाही (आम्ही चौकशी केलेली नाही).

दिवाळीच्या जरा आधी काव्याचा व्हिडिओ आला. पुण्यातच घर असलेल्या कोणा मैत्रिणीची एकचाकी होती, त्या सायकलवर ती शिकली. दोन्ही गुडघ्यांवर पट्ट्या, कोपरावर खपली, आणि ती वसतिगृहासमोरच्या रस्त्यावरून हात पसरून, कोणाला न धरता, हसत लांब जात होती. समितीची तातडीची सभा झाली. बिरुदेवांनी व्हिडिओ थांबवून मोबाइलच्या पडद्यावर मोजपट्टी धरली. दांडा फारच आखूड निघाला. ही मुलगी चुकीच्या मापावर सायकल चालवत आहे, असा ठराव एकमताने झाला. गुरुशांत यांनी सही केली. मग त्यांनी व्हिडिओ परत लावला, आणि आम्ही उठून निघालो तरी ते बघतच होते.

"गुडघ्याला किती लागलंय बघा," ते म्हणाले.

आता वाचकांविषयी. इथवर आल्यावर तुमच्या मनात एकच प्रश्न उरला असेल, की मग नवशिक्यासाठी बरोबर माप किती? तो आला असेल तर तुमचे अभिनंदन. समितीत एक जागा रिकामी आहे आणि तुम्ही पात्र आहात. येताना माळ्यावर तुम्ही स्वतः जे काही टॉवेलात गुंडाळून ठेवले आहे, सगळे नीट ठरले की सुरू करू म्हणून, तेही घेऊन या. त्यातही आम्ही थोडी वाढ धरून देऊ.