दूध संघाच्या सर्व्हरला ताप

हनुमंतरावांच्या मते जगात खरे गुप्तहेर दोनच झाले, आणि त्यातल्या दुसऱ्याचं नाव त्यांना आठवत नसे. राहुरीजवळच्या एका दूध संघात ते स्टोअरकीपर होते, पण कार्डावर त्यांनी 'गुप्तहेर व संशयतज्ज्ञ' असं छापून घेतलं होतं. संशयात ते खरोखरच तज्ज्ञ होते. कुणी चहा नको म्हटलं तरी ते त्याच्याकडे रोखून बघत.

अशा माणसाची सहायक व्हायचं अश्विनीच्या नशिबी आलं, ते संघाच्या नव्या सर्व्हरमुळे. संघात ती हंगामी होती. सर्व्हरच्या तब्येतीवर लक्ष ठेवायची यंत्रणा तिनं उभी केली होती. एकेक काम एकेका कंटेनरमध्ये, म्हणजे आपापल्या बंद डब्यात. एक डबा सर्व्हरची नाडी बघणार, दुसरा आकडे साठवणार, तिसरा पडद्यावर आलेख काढणार आणि चौथा काही बिघडलं की बोंब मारणार. एक डबा आजारी पडला तरी बाकीचे धडधाकट. नोकरी कायम होणार की घरी बसावं लागणार, हे या डब्यांवर ठरणार होतं.

अध्यक्ष आप्पासाहेबांनी थाटात उद्घाटन केलं आणि त्याच दिवसापासून तापमानाची रेघ चढली ती उतरेचना. चौथा डबा सारखा बोंबलू लागला. सर्व्हर मधेच बंद पडायचा, दुधाची नोंद अडायची आणि दूध घालायला आलेली माणसं खोळंबायची.

आप्पासाहेबांनी तपास हनुमंतरावांकडे दिला आणि अश्विनीला त्यांच्या मदतीला. त्यांनी पहिल्याच झटक्यात सर्व्हरच्या खोलीला कुलूप ठोकलं. "घटनास्थळ हाय ह्ये. माझ्याबिगर कुनी आत पाय ठेवायचा न्हाई!"

"एसी तरी चालू आहे ना?" अश्विनीनं विचारलं.

"चालू हाय. आत सगळं साहेबांनी ठेवलंय तस्संच हाय. म्या कशाला हात लावलेला न्हाई." ही शिस्त त्यांना फार अभिमानाची वाटत होती.

मग तर्कांचा पाऊस पडला. आधी म्हणे कर्जतकडच्या संघानं विषाणू सोडला. पुरावा काय, तर त्यांचा टेम्पो गेटसमोर पंक्चर झाला होता. मग शिपाई छगनवर संशय गेला, कारण तो शीळ घालत होता. शेवटी त्यांनी अश्विनीच्याच खुर्चीत बसून बोंब मारणारा डबा बंद केला. एकदम शांतता झाली.

"सुटली केस!" ते गरजले. "डबा बंद, ताप बंद!"

अश्विनीनं कपाळाला हात लावला. "अहो, ताप तसाच आहे. तुम्ही फक्त बोंब बंद केली."

"म्हंजी डबेच गुन्हेगार! आन डबे आनले कुनी?" त्यांनी खिशातलं भिंग काढून तिच्याकडे वळवलं. दुपारीच संचालकांची बैठक होती आणि हा सिद्धांत तिथं मांडला जाणार होता.

तो मांडला गेलाही. "यंत्रनाच काढून टाका," हनुमंतरावांनी सुचवलं. भिंतीवरच्या पडद्यावर रेघ वरच होती. अश्विनीचा चेहरा पार उतरला.

तेवढ्यात तालुक्याला नव्यानं आलेल्या जनावरांच्या डॉक्टर आरती सहज भेटायला आल्या. संघाचा उंबरा ओलांडणाऱ्याचा सत्कार झालाच पाहिजे, असा आप्पासाहेबांचा दंडक. पण कपाटातल्या शाली संपल्या होत्या. छगन टेबलावरची हनुमंतरावांची किल्ली उचलून कुठंतरी पळाला आणि शाल घेऊन आला. आप्पासाहेबांनी ती डॉक्टरांच्या खांद्यावर घातली.

"अगंबाई! गरम आहे की!" डॉक्टर दचकल्या. "आत्ताच इस्त्री केली का?"

"न्हाई ओ," छगन म्हणाला. "सर्व्हरच्या अंगावं हुती."

पडद्यावरची रेघ उतरू लागली होती. उद्घाटनाला आप्पासाहेबांनी सर्व्हरचाही शाल घालून सत्कार केला होता. साहेबांनी घातलेली शाल काढणार कोण?

"पोरी," आप्पासाहेब सावकाश म्हणाले, "कशानं तापत हुतं गं?"

"उन्हानं, साहेब!" हनुमंतराव घाईनं म्हणाले. "औंदा ऊन लई."

नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. अश्विनी उठून उभी राहिली.

"तुमच्या शालीनं, साहेब."

आप्पासाहेब खुर्चीत पुढं सरकले.

"मग इतक्या दिसांत मला कुनी बोललं का न्हाई?"

"माणसं नाही बोलली. डबे सारखे बोलत होते."

आप्पासाहेबांनी पडद्यावरची उतरलेली रेघ पाहिली. "मग डबं ऱ्हाऊ द्या."

"आणि मी?" तिनं विचारलं.

"तू गेल्यावं त्यांचं म्हननं मला सांगनार कोन? कायम करा हिला. हाये कुनाचं अनुमोदन?"

सगळ्यात आधी हात वर केला तो हनुमंतरावांनी. ते संचालक नव्हते आणि त्यांना मतही नव्हतं, पण हात मात्र खाली घेईनात.