पाय मिळणार नाहीत

धाकट्यानं या खेपेला ठरवूनच टाकलं होतं, वाकायचं नाही! दादा रुसला तर रुसू दे, अक्कानं तिचा तो मुख्याध्यापिकेचा आवाज काढला तर काढू दे, आपण ठाम राहायचं. कोणी कितीही गळ घातली तरी पाय द्यायचे नाहीत.

निमित्त झालं दादाच्या फोनचं.

"परवा माझ्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन आहे. येताना पाय घेऊन ये," दादा म्हणाला.

"आजवर कधी पाय घरी ठेवून आलोय का मी?"

"फालतू विनोद नको. महावज्रचे पाय. बाहेर पेशंट बसतात तिथे काचेचं कपाट करून घेतलंय. अक्का तिचा भाग आणतेय, माझा मी काढून ठेवलाय. मुलं दात दाखवायला येतात, तेवढीच रमतील. आणि हो, पुसून आण. तुझ्याकडे धूळ खात पडले असतील."

धूळ! धाकट्याच्या अंगाचा तिळपापड झाला. ते पाय तो दर आठवड्याला मऊ फडक्यानं पुसत होता, आणि सांध्यांत शिवणाच्या मशीनचं तेल सोडत होता. स्वतःच्या गुडघ्यांची त्यानं एवढी काळजी कधी घेतली नव्हती.

आता हे पायांचं प्रकरण काय ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, दातांच्या डॉक्टरला पाय कशाला?

तिघं भावंडं लहान असताना टीव्हीवर एक जपानी कार्टून लागायचं. त्यात एक विमान, एक आगीचा बंब आणि एक रोड रोलर. शहरावर राक्षस चालून आला की ही तिन्ही वाहनं फटाफट रूप बदलून एकमेकांना जोडली जायची आणि दहामजली यंत्रमानव उभा राहायचा, महावज्र! ही जोडणी चांगली निवांत चालायची, आणि ती संपेपर्यंत राक्षस बिचारा बाजूला शिस्तीत थांबायचा. विमानाचं व्हायचं डोकं आणि छाती, बंबाचे व्हायचे हात आणि कंबर, आणि रोलरचे पाय.

जहाजावर नोकरीला असलेल्या मामानं एकदा खेळण्यातला महावज्र आणला. अस्सल जपानी, धातूचा, हातात धरला की मनगट खाली जाईल असा. तीन भाग आणि तीन भाचरं. अक्कानं वयाच्या जोरावर विमान घेतलं, दादानं आवाजाच्या जोरावर बंब घेतला. धाकट्याला तेव्हा नीट बोलताही येत नव्हतं. त्याच्या वाट्याला रोड रोलर आला.

बरं, रोलर तर रोलर. पण कार्टूनमध्ये विमानाचा चालक दर भागात गर्जना करायचा, "वज्रकिरण, सोडा!" बंबाचा चालक ओरडायचा, "वज्रमुष्टी, हाणा!" रोलरचा चालक म्हणजे एक गोलमटोल माणूस होता आणि अख्ख्या मालिकेत त्याला एकच वाक्य होतं, "पाय तयार!" संपलं! पुढे तो जेवायचा की झोपायचा, कोणी दाखवायची तसदीसुद्धा घेतली नाही. खेळताना धाकट्यानं एकदा जोशात "वज्रकिरण" म्हटलं, तर अक्कानं त्याला कोपऱ्यात उभं केलं. "पाय बोलत नाहीत!" असा तिचा निकाल होता.

आणि खरी जखम तर याहून खोल होती. प्रत्येक वाहनाचा सुटा, छोटा यंत्रमानवही होत असे आणि त्याला स्वतःचा चेहरा असे. तिघांत रोलरचा चेहरा सगळ्यात देखणा, असं धाकट्याचं प्रामाणिक मत होतं. पण महावज्र जोडताना नेमका तोच चेहरा मान मुडपून कंबरेच्या पोकळीत कोंबावा लागायचा. म्हणजे जग वाचवायची सगळी लढाई त्या बिचाऱ्यानं दादाच्या बंबाच्या बुडाला नाक लावून लढायची! याला काय न्याय म्हणायचा?

पुढे अक्का मुख्याध्यापिका झाली, दादा दातांचा डॉक्टर झाला, आणि धाकटा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवू लागला. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात, आणि शेजारी बसलेल्या धाकट्याच्या पायाखाली जादा ब्रेक. पायांनी इथेही त्याची पाठ सोडली नाही.

"देऊन टाका की," बायको म्हणाली. "इथल्या कपाटात काय अन् तिथल्या कपाटात काय!"

"देईन. पण रोलर सगळ्यात वर लागणार असेल तर. चेहरा बाहेर ठेवून!"

"पाय वर?"

"का? खटके सगळीकडे सारखेच आहेत. विमान जाईल खाली. एवढी वर्षं वरून जग बघितलं, आता उचलू दे भार!"

ब्रेक समजून क्लच दाबणाऱ्या शिकाऊ माणसाकडे धाकटा जसा बघे, तसं बायकोनं त्याच्याकडे बघितलं आणि ती कामाला लागली.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे यायच्या आत तिघं भावंडं आतल्या खोलीत, दातांच्या खुर्चीभोवती जमली. खुर्चीच्या ट्रेवर चिमटे आणि आरसे सरकवून विमान, बंब आणि रोलर मांडले होते. धाकट्यानं आपली अट सांगितली. दादा आधी हसला, मग धाकटा हसत नाहीये हे बघून गंभीर झाला.

"अरे, कॉलेजातले माझे सर येणार आहेत फीत कापायला! डोक्याच्या जागी पाय असलेला यंत्रमानव दाखवू त्यांना? माझ्याकडे दात दाखवायला कोण येईल?"

"आणि माझं विमान तळाशी?" अक्कानं चष्म्यावरून बघितलं. या नजरेनं शाळेतले शिपाईसुद्धा ताठ उभे राहायचे. "मी सगळ्यात मोठी आहे."

"म्हणूनच. पाया भक्कम हवा," धाकटा म्हणाला. "नाहीतर पाय मिळणार नाहीत!"

अक्कानं दादाला बाजूला घेतलं. पण खोली एवढीशीच होती, त्यामुळे धाकट्याला सगळं ऐकू आलं. "एकदा लावू दे त्याला वर. हौस फिटली की गप्प बसेल. मग आपण गुपचूप खाली लावू."

गुपचूप! धाकट्यानं ऐकलं आणि मनाशी म्हटलं, असा पक्का बसवतो की तुम्हाला सात जन्मांत निघणार नाही! त्यानं विमानाचे पंख पावलांसारखे पसरले, त्यावर बंब चढवला, रोलरचा चेहरा ऐटीत बाहेर काढला आणि तो बंबावर टेकवून खटका नीट बसावा म्हणून खाचेत बोट घालून जोर लावला.

खट्!

बसला. इतका पक्का बसला, की बोटही आतच राहिलं!

यंत्रमानव उजव्या हाताला लटकवून धाकटा नुसता छताकडे बघत राहिला.

"बघ, किती छान दिसतोय," त्याची समजूत काढत अक्का म्हणाली. "झाली ना हौस? आता काढ."

"निघत नाही."

"हट्ट पुरे!"

"अक्का, हट्ट नाही. बोट आहे आत!"

मग जी धावपळ उडाली ती विचारू नका. अक्कानं पर्समधलं क्रीम ओतलं. त्यानं एवढंच झालं, की आधी नुसता अडकलेला यंत्रमानव आता अडकलेला आणि निसरडा झाला. दादानं धाकट्याला खुर्चीत आडवा केला, वरचा दिवा लावला आणि तोंडात घालायचा छोटा आरसा रोलरच्या काखेत घातला.

"दुखतंय?" दादानं सवयीनं विचारलं.

"हो."

"थंड लागल्यावर की गोड खाल्ल्यावर?"

"दादा!"

दादानं दोन चिमटे वाकवले. बाहेरून खुर्च्या सरकल्याचा आवाज येऊ लागला. रिसेप्शनवरच्या मुलीनं दारातून डोकं आत घातलं. "सर आलेत. कात्री मागताहेत." आत एका डॉक्टरचा गुडघा भावाच्या छातीवर, आणि मुख्याध्यापिकाबाई भावाच्या खांद्यावर रेलून खेळणं ओढताहेत, हे बघून तिनं डोकं तसंच बाहेर नेलं आणि दार अलगद ओढून घेतलं.

दादानं घाम पुसला. "एकच उपाय आहे. ड्रिल मारून रोलर फोडावा लागेल."

"रोलर का? बंब फोड!"

"बंबात हात आहेत, कंबर आहे. सगळी जोडणी त्यावर आहे."

"मग विमान?"

"विमानाला हात लावशील तर बघ!" अक्का गरजली.

"म्हणजे फोडायचं झालं की पाय," धाकटा म्हणाला. "कोंबायचं झालं की पाय. गप्प बसवायचं झालं की पाय. अरे, उभे कशावर होतात रे इतकी वर्षं?"

दादानं ड्रिल उचलून सुरू केलं, घूंऽऽ! धाकट्यानं ते जवळ येताना बघितलं, दादाचा गुडघा बाजूला सारला, खुर्चीतून उडी मारली आणि थेट दार उघडून बाहेर पळाला!

बाहेर नातेवाईक, शेजारी, पोराबाळांसकट पेशंट अशी ही गर्दी. मधोमध फीत, आणि फितीपाशी एका हातात पुष्पगुच्छ अन् एका हातात कात्री घेतलेले सर. सगळ्यांच्या माना वळल्या. दवाखान्याच्या आतल्या खोलीतून एक मध्यमवयीन माणूस गळ्यात पेशंटचा कागदी रुमाल, कोपरापर्यंत क्रीम आणि मुठीवर उलटा यंत्रमानव घेऊन बाहेर आला होता.

"आपण?" सरांनी अदबीनं विचारलं.

"मी डॉक्टरांचा धाकटा भाऊ."

मागून दादा ड्रिल घेऊन आणि अक्का क्रीमची बाटली घेऊन दारात आले. "पाय दे!" दादा दबक्या आवाजात म्हणाला. "सगळ्यांसमोर शोभा नको. ऐक माझं!"

आणि इथे धाकट्याच्या मनातला इतक्या वर्षांचा बांध फुटला. गर्दी गेली उडत! त्यानं पाय फाकवले, छाती काढली, हात मागे नेला आणि सगळा जीव एकवटून मूठ पुढे फेकली.

"वज्रकिरण, सोडाऽऽ!"

खटक्यानं इतकी वर्षं तेल खाल्लं होतं, आज वर क्रीमही खाल्लं होतं. तो सुटला, आणि त्या झटक्यासरशी खालचाही! विमान सुसाट गेलं आणि सरांच्या पुष्पगुच्छात नाकावर उतरलं. बंब गिरक्या घेत काउंटरवरच्या प्लास्टरच्या मोठ्या जबड्यात दाढेपाशी जाऊन बसला. दचकलेल्या सरांच्या हातातली कात्री मिटली आणि फीत कापली गेली. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बास! एक मूल ओरडलं, "परत, परत!" दादाच्या कल्पकतेचं कौतुक करत सर म्हणाले, "इतकं रंजक उद्घाटन मी उभ्या आयुष्यात केलं नाही."

धाकट्याच्या हातात राहिला होता फक्त रोलर, चेहरा वर करून. बोट सुजून लाल झालं होतं. त्यानं रोलर खिशात टाकला, कोणाचा निरोपही न घेता तो ताठ मानेनं बाहेर पडला आणि घरी आला. पाय दिले नाहीत ते नाहीतच!

त्यानंतर आठवडा गेला असेल-नसेल, दादाचा फोन.

"पाय दे रे. त्या कपाटात तो बिनपायाचा बसवलाय. येणारा प्रत्येक माणूस तेच विचारतो, याचे पाय कुठेत? दात राहिले बाजूला, सगळे पायांबद्दलच बोलतात! माझं डोकं उठलंय."

"सगळे?"

"सगळे! पोस्टमनसुद्धा."

धाकट्यानं फोन ठेवला आणि खोलीभर दोन फेऱ्या मारल्या. जन्मभर कोणी ज्यांच्याकडे ढुंकून बघितलं नाही, ते पाय नाहीत म्हटल्यावर अख्खं गाव त्यांची चौकशी करत होतं! हे आपल्या कानांनी ऐकायलाच हवं होतं. दुसऱ्याच दिवशी तो रोलर खिशात घालून दवाखान्यात जाऊन बसला. कोणी विचारलं, की आधी सावकाश हसायचं, मग सांगायचं, पाय माझ्याकडे आहेत, आणि ते का दिले नाहीत याची सगळी हकिगत पहिल्यापासून ऐकवायची, असं त्यानं पाठच करून ठेवलं होतं.

पण दादाही त्याचाच भाऊ. "इथे नुसतं बसायला मिळणार नाही," तो म्हणाला. "पेशंट असशील तर बस." मग धाकट्याला खुर्चीत आडवं होऊन आ करावा लागला. दादानं आत बघितलं, "अरे वा!" म्हणाला, हिरडीत भलंमोठं इंजेक्शन दिलं आणि जबडा बधिर होईपर्यंत बाहेर बसायला पाठवलं.

धाकटा कपाटासमोर बसला. शेजारी एक वयस्क बाई होत्या. त्यांनी कपाटातल्या महावज्रकडे बघितलं, वाकून पुन्हा बघितलं आणि थेट धाकट्याकडे वळल्या.

"काय हो, याचे पाय कुठे गेले?"

आला! प्रश्न आला! धाकटा ठरल्याप्रमाणे सावकाश हसला. ते हसू अर्ध्याच तोंडावर आलं. मग तो म्हणाला, "फाफ... फाफ फाफ्याफ..."

"राहू दे, राहू दे, बोलू नका," बाई कळवळून म्हणाल्या. "तुटले असतील पाय. तसेही ते कशाला लागतात म्हणा."

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यानं खिशात हात घालून रोलर काढला आणि त्यांच्यापुढे टेबलावर दाणकन ठेवला.

"अगंबाई, रोड रोलर!" बाई खूश झाल्या. "गोड आहे. नातवाचा का?"

धाकट्यानं मान जोरजोरात हलवली, अजूनही सुजलेलं बोट स्वतःच्या छातीवर आपटलं आणि असेल नसेल तेवढी ताकद त्या मेलेल्या जबड्यात आणली.

"माझा!"

शब्द अगदी स्वच्छ बाहेर पडला, आणि त्याच्या पाठोपाठ शर्टावर लाळ.