कंबर जिकडे, सायकल तिकडे

मानेवाड्यातल्या आमच्या ले-आउटमधल्या समोरच्या घरातले परातेजी सायकलवर आडवे होऊन दूध आणायला जातात. पाय पुढे पॅडलवर, पाठ मागे टेकलेली, दोन्ही हात पोटावर. हँडल नाहीच. दोन भंगार सायकली आणि एक मोडकी प्लास्टिकची खुर्ची जोडून त्यांनी हे वाहन स्वतः बनवलं. कंबरेने खुर्ची डावीकडे ढकलली की खालची सळई पुढचं चाक डावीकडे वळवते.

"कंबर जिकडे, सायकल तिकडे," हे त्यांचं वाक्य आता पोरंटोरंही म्हणतात.

त्याआधी इथला सायकलवाला म्हणजे मी. गिअरची सायकल, हेल्मेट, अंगाला चिकटणारे कपडे, सगळं माझ्याकडे. रविवारी निघालो की लोक फाटकाशी येऊन विचारत, "आज कुठवर, साहेब?" आता मलाच सांगतात, "जरा बाजूले व्हा, परातेजी येऊन राहिले." तेव्हापासून माझ्या पोटात दुखतं. ते वळणावर नालीत गेले त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

"हँडल काहून नाही लावत?" एकदा मी खोचून विचारलं.

"मले हात मोकळे पायजेत ना, भाऊ. आमचा बाप कापड विणाले मागावर बसे. पायानं पावड्या दाबे, हातानं धोटा फेके. हाताचं काम वेगळं, पायाचं वेगळं."

"पण सायकलवर हाताले काय काम?"

"असते," म्हणाले, आणि कंबर हलवून निघून गेले.

खर्रा घोटायला, दुसरं काय! तंबाखू-सुपारी चोळत आरामात फिरायचं. मी हे ले-आउटभर सांगितलं. घरी सुनंदाला सांगितलं तर ती म्हणाली, "डोकं तर लावलं त्यांनी. तुम्ही दुकानातून आणली." बायकोने असं म्हटल्यावर माणसाने करायचं काय?

परातेवहिनींची नजर गेल्यापासून त्या फाटकाबाहेर आल्या नव्हत्या. स्कूटरवर बसवलं की गाड्यांच्या आवाजानेच घाबरून उतरत. परातेजी रोज संध्याकाळी दारात उभे राहून म्हणायचे, "चाल ना वं, कोपऱ्यापर्यंत." आतून उत्तर ठरलेलं, "तुम्ही जा." मग तेही जात नसत.

मध्यंतरी सायकल दिसेना. घरामागून नुसती ठोकाठोक ऐकू येई. मोडली असणार म्हणून मी खुशीत होतो.

एका संध्याकाळी मी माझी सायकल पुसत होतो, सुनंदा तुळशीला पाणी घालत होती. समोरचं फाटक उघडलं. सायकलला आता तीन चाकं होती आणि शेजारी-शेजारी दोन खुर्च्या. परातेजींनी वहिनींना हळूच आणून बसवलं, स्वतः बाजूला बसले.

"हात दे वं."

वहिनींनी त्यांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. सायकल निघाली. मागून एक टेम्पो भोंगा वाजवत आला, तशा वहिनी आक्रसल्या.

"मी आहो ना. टेम्पो होता, गेला. आता आपल्या डाव्या बाजूले संत्र्याचा ठेला आहे. वळू काय? कंबर जिकडे..."

"सायकल तिकडे," वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. त्यांचं हसू मी कितीतरी दिवसांनी ऐकलं.

"खर्रा घोटाले म्हणत होते ना तुम्ही?" सुनंदा म्हणाली.

माझा एक हात हँडलवर होता, दुसऱ्यात फडकं. ते दोघं वळून दिसेनासे झाले तरी सुनंदा रिकामा तांब्या धरून तिकडेच बघत राहिली, आणि इतका हेवा मला परातेजींचा आधी कधीच वाटला नव्हता.