चादरींची झडती

आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात दशरथमामा भिंतीला कान लावून उभे असतात. त्या भिंतीतून पत्र्याची रुंद नळी खाली येते. प्रत्येक मजल्यावरच्या मळक्या चादरी पिशवीत बांधून तिच्यात सोडायच्या, की त्या थेट मामांच्या लाँड्रीत. कचऱ्याची नळी वेगळी. लिफ्टची वीज वाचते, मळके कपडे रुग्णांमधून फिरत नाहीत, म्हणून आमच्या या नव्या इमारतीचं नाशिकभर कौतुक. मामांचा मात्र नळीवर काडीचा विश्वास नाही.

पिशवी धप्पकन पडली की ते म्हणणार, "तिसरा मजला. घाईत बांधलीय. काहीतरी हाय आत."

मामा मूळचे लासलगावकडचे. लिलावात व्यापारी ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालतो, वरचा कांदा पाहून कोणी बोली लावत नाही, हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यामुळे हातमोजे चढवून ते प्रत्येक पिशवी उघडायचे, प्रत्येक चादर उलगडायचे. नियम नेमका उलटा: खाली काही उलगडायचं नाही, सरळ मशीनमध्ये टाकायचं. चादरी वर पोचायला उशीर होई आणि सिस्टर माझ्यावर चिडत. मी हाऊसकीपिंगची सुपरवायझर.

संशय पडशासारखा असतो, एकाचा दुसऱ्याला लागतो. मामांच्या फळीवर बिस्किटांचा एक डबा होता, त्याला चक्क कुलूप. एकदा चादरीतून काहीतरी काढून त्यांनी त्यात टाकलेलं मी पाहिलं. वर कोणाचा चष्मा हरवला होता, कोणाचं कानातलं मशीन. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, असं माझ्या मनाने घेतलं. मॅनेजरसाहेबांनी रिपोर्ट मागितला. मामांना लाँड्रीतून काढून गेटवर बसवायचं जवळजवळ ठरलंच होतं.

मी खाली जाऊन किल्ली मागितली. मामांनी ती काढून दिली.

डब्यात दोन चष्मे होते, ते कानातलं मशीनही होतं. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली: मजला, वार. जेवणाच्या सुट्टीत मामा वर जाऊन ज्याची वस्तू त्याला शोधत फिरायचे. माझी मलाच लाज वाटली. तळाशी एक कवळी होती. मधोमध तुटलेली, चिकटवलेली. तिला चिठ्ठी नव्हती.

"ही कुणाची?"

"आमच्या मंडळींची," मामा म्हणाले.

जुन्या इमारतीत त्या ॲडमिट होत्या. कवळी काढून उशाशी ठेवलेली. मामांनी स्वतःच्या हाताने चादर बदलली, गुंडाळली आणि मशीनमध्ये टाकली.

"जोडली मी. पण तोंडात बसंना. शेवटचे चार दिस तोंडावर पदर धरून होती. माझ्याशी बी बोलली नाय."

मी रिपोर्ट लिहिला तो वेगळाच. पिशवी बांधण्याआधी चादर पलंगाशीच तपासावी, खाली कुणाला उलगडावी लागू नये, असं सुचवलं. साहेबांनी ते मान्य केलं. मामा लाँड्रीतच राहिले.

तरी त्यांचा कान भिंतीलाच. पिशवी आता उघडत नाहीत, पण बाहेरून चाचपतात. परवा मी म्हटलं, "मामा, आता सिस्टर बघून घेतात ना सगळं."

"बघितलं म्हणतात," मामा म्हणाले. पिशवीवरचा हात त्यांनी काढला नाही. "आमच्या हिनं बी मला इचारलं होतं, चादर नीट बघितली ना. मी न बघताच हो म्हणलो."