एक चक्कर मारून या

"मामा, थांबवा! पार्वताबाई मागं राहिल्या!" तृप्ती ओरडली.

"उड्डाणपूल हाये बाई हा," धनीराममामा म्हणाले. "हात दाखवला का थांबली, अशी एसटी नाही."

आयर्लंडहून आठवडाभरासाठी गावी, सिहोऱ्याला आलेल्या तृप्तीचं आज संध्याकाळी नागपुराहून परतीचं विमान होतं. त्याआधी एकच इच्छा: नागपुरात शिकताना ज्यांच्या माडीवर राहिली, त्या पार्वताबाईंच्या मांडीवर आपल्या तान्ह्या रिताला बसवायचं. गाडी काढताना मामा म्हणाले होते, "उपराजधानी मले पाठ हाये. लिंबाच्या झाडापाशी वळलं, का झालं!" लिंबाच्या जागी आता पुलाचा खांब होता. आणि पूल बाईंच्या गच्चीला असा घासून गेलेला, की वाळत घातलेल्या मुगवड्या गाडीतून उचलाव्यात.

खाली उतरून पाहिलं, तर घराची गल्ली खोदून बंद केलेली. गाडी पुन्हा पुलावर.

"बाई, मी तृप्ती!" ती खिडकीतून ओरडली. उत्तर पुढच्या चकरेला मिळालं.

"कोणती वो?"

"सिहोऱ्याची!"

त्याच्या पुढच्या चकरेला बाई कठड्याशी वाटच पाहत होत्या. "मंग घरात ये ना! घारीवानी घिरट्या काय घालून राहिली?"

तेवढ्यात पुढे ट्रक बंद पडला. सगळा पूल शिव्या देऊ लागला. तृप्तीने मात्र हात जोडले. गाडी नेमकी गच्चीसमोर! आधी बाईंसाठी गावाहून आणलेल्या तांदळाची पिशवी पलीकडे गेली, मग रिता, मग कठडा ओलांडून तृप्ती. बाईंनी लेकरावरून मीठमिरची उतरवून शेगडीत टाकली. अर्धा पूल खोकायला लागला.

"मावशी, एवढा ठसका!" मागचा रिक्षावाला डोळे पुसत म्हणाला. "म्हणजे पोरीले नजर नव्हतीच!"

ट्रक हलला. मागून भोंगे वाजू लागले.

"मामा, एक चक्कर मारून या!"

मामांनी एका चकरेला चहाचा कप घेतला, दुसऱ्या चकरेला रिकामा परत केला आणि साखर कमी होती, हेही सांगितलं.

रिता बाईंच्या मांडीवर मुगवडी मुठीत धरून हसत होती. तृप्तीला भरून आलं. "बाई, दारातच पूल! किती त्रास तुम्हाले."

"त्रास कायचा? गुडघ्यापायी मी खाली उतरत नाही, वर कोणी येत नव्हतं. आता पाह्य, अख्खं नागपूर दारावरून जाते."

"चल वो तृप्ते, विमान चुकन!" पुलावरून मामा ओरडले.

बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "मारा अजून एक चक्कर. तुमचाच भात शिजून राहिला."