मेलेला राजा आणि पहिला नारळ

राजा मरायला तयार नव्हता. आणि देवळासमोरच्या मांडवात अख्खा गाव बसला होता.

चूक हरिश्चंद्र मास्तरांची. परदेशी नाटकाचं मराठी त्यांनीच केलं: तीन चेटकिणी एका सरदाराला ‘तू राजा होशील’ म्हणून सांगतात आणि तो घरी पाहुणा आलेल्या राजाचा झोपेत खून करतो. राजाचं काम रीतीप्रमाणे भिकाजी गावकरांकडे गेलं, कारण जत्रेत देवीपुढे पहिला नारळ ठेवायचा मान त्यांच्या घराण्याचा. मानकरी तालमीला येत नसतात. त्यामुळे आपण मरतो हे त्यांना आजच कळलं.

सरदार होता लवू, होड्यांना डांबर लावणारा. घराला मान नाही म्हणून बापाने, आज्याने जत्रा देवळाच्या शेवटच्या खांबामागून पाहिली, त्यानेही तिथूनच. तो नारळ एकदा आपल्या हातात यावा, एवढंच त्याला लहानपणापासून वाटायचं.

चेटकिणींना पाठ होईना म्हणून मास्तरांनी त्यांचं भविष्य देवाला गाऱ्हाणं घालतात त्या चालीत बसवलं होतं. ते संपताच मांडवातून सवयीने तीनशे गळे उठले, “होय म्हाराजा!”

विंगेत भिकाजींनी डोक्यावरचा मुकुट काढून हातात घेतला. लवूने वळून देवळाकडे, नारळ ठेवतात त्या जागेकडे पाहिलं.

(दुसरा अंक. राजाचा महाल. रात्र.)

पेट्रोमॅक्सच्या बत्त्या आरोंदा गावी एका लग्नाला गेल्यामुळे नाटकातली रात्र दुपारी चार वाजता झाली. लवू लाकडी सुरा घेऊन पडद्यामागे गेला. राजा खाटेवर ताठ बसलेला.

“मी मरूचंय नाय.”

“गावकारानू, तुमी मेल्याबिगर नाटक फुडे सरकाचा नाय.”

“तीनशे जणांनी होय म्हटल्यानी, ता पण देवीच्या दारात! उद्या माका खरोखर काय झाला तर?”

“डोळे तरी मिटा.”

“तुझ्या हातात सुरो असताना? तुका काय होया ता बोल.”

नाटकातलं उत्तर लवूला पाठ होतं: राज्य. तोंडातून भलतंच निघालं. “पयलो नारळ.”

विंगेतून मास्तर दात-ओठ खात होते, “मार रे, मार!”

“दिलो,” भिकाजी म्हणाले. मागच्या वाटेने उतरून ते पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

लवू बाहेर आला. राणीच्या वेषातल्या फॉस्टिन शिंप्याने विचारलं, “झालं का, नाथ?”

“झालं.”

समोर मेलेला राजा शेंगा सोलत होता.

(मेजवानी. राजाचं भूत. ते फक्त खुन्यालाच दिसतं.)

“तो पाहा!” लवूने बोट दाखवलं. “तिथे बसलाय! तुम्हाला कुणालाच दिसत नाही?”

“दिसता मां!” सुभद्राकाकू ओरडल्या. “मगाशीपासून शेंगो खाता!”

मांडव हसून लोळला. मास्तरांनी कपाळ धरलं. लवू मात्र हसला नाही. भूत त्याच्याकडेच बघत होतं, आणि त्याने डांबराने काळे झालेले हात पाठीमागे लपवले.

जत्रेला भिकाजी शब्दाला जागले. त्याआधी लवू तीन दिवस राखेने हात घासत होता, डांबर काही सुटलं नाही. त्याच हातांनी त्याने देवीपुढे नारळ ठेवला. वळून पाहिलं, तर शेवटच्या खांबामागे, नेमके लवूच्या नेहमीच्या जागेवर, भिकाजी उभे.

मास्तर लगबगीने आले. “लवू, पुढच्या वर्षी परत तेच नाटक. राजा तू. राजाचं काम पहिल्या नारळाच्या घराकडे, रीतच आहे ती.”

लवूने हात धोतराला पुसले. “आणि सरदार?”

“मी करतलंय,” खांबामागून आवाज आला. “आणि मास्तरानू, ह्या टायमाक मी तालमीक येतलंय. रोज.”